पायाच्या बोटातला खडू



या आठवड्याच्या टपालात आलेले एक पत्र मी दोन दिवस टेबलावरून उचलले नाही. उत्तर माहीत नव्हते असे नाही. पत्र लिहिणाऱ्या सूनबाईंना दोन डॉक्टरांनी दोन उलट सल्ले दिले आहेत. त्यांत माझा तिसरा घालून घरातला गोंधळ वाढू नये, म्हणून जरा विचार करून लिहायचे ठरवले.

त्या लिहितात, "आमचे मामंजी अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. दहा-बारा वर्षांपासून मधूनमधून पायाचा अंगठा सुजतो, लाल होतो, पांघरूणसुद्धा वर सहन होत नाही. चार-सहा दिवसांनी आपोआप बरे वाटते. दुकानातून गोळी आणायची, की झाले. आता दोन्ही पायांच्या अंगठ्यांपाशी लिंबाएवढ्या गाठी झाल्या आहेत. चप्पल पायात जात नाही. उजव्या पायाची गाठ गेल्या महिन्यात फुटली आणि तिच्यातून चुन्यासारखे पांढरे येते. शेजारी म्हणतात हाड विरघळून वाहते आहे. एक डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. दुसरे म्हणाले, चाकू लावू नका, गोळ्यांनी जाईल. मामंजी म्हणतात, कापाकापी करून पाय गेला तर बैलामागे कोण चालणार? घरात तूरडाळ, पालक, टोमॅटो सगळे बंद केले आहे. काय करावे?"

सूनबाई, आधी एक भीती काढून टाका. ते हाड नाही आणि तो पूही नाही. तो युरिक ॲसिडाचा क्षार आहे. या दुखण्याला डॉक्टर गाऊट म्हणतात. आपल्या आयुर्वेदात वातरक्त म्हणून ज्या विकाराचे वर्णन आहे, ते याच्याशी पुष्कळ जुळते.

हा क्षार येतो कुठून, ते समजले की पुढचे सगळे समजेल. शरीरातल्या पेशी रोज झिजतात, नव्या होतात. त्या झिजीतून आणि काही अंशी खाण्यातून युरिक ॲसिड तयार होते. त्यातले दोन-तृतीयांश मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात, उरलेले आतड्यांवाटे जाते. बैलाच्या किंवा म्हशीच्या शरीरात हे आम्ल फोडून टाकणारा एक पाचक घटक असतो. माणसाच्या शरीरात तो नाही. पक्ष्यांतही नाही. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे हेच युरिक ॲसिड. आमच्या वाचकांपैकी जे कुक्कुटपालन करतात, त्यांनी मेलेल्या पिलाचे पोट फाडल्यावर आतड्या-काळजावर खडूची भुकटी पसरल्यासारखी पाहिली असेल. तो पिलांचा गाऊट. तुमच्या मामंजींच्या अंगठ्यात साठले आहे तेही त्याच जातीचे.

थंडीत काकवीच्या डब्याच्या तळाशी साखरेचे खडे बसतात, ते तुम्ही पाहिले असतील. काकवी जेवढी साखर विरघळवून ठेवू शकते, त्याहून जास्त झाली की जास्तीची खाली बसते. रक्ताचेही तसेच. दर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरिक ॲसिड विरघळून राहते. त्यापेक्षा जास्त वर्षानुवर्षे राहिले, तर सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात बसू लागतात. पायाचा अंगठा हृदयापासून लांब आणि शरीराच्या मानाने थंड, म्हणून बहुधा सुरुवात तिथून होते. शरीर या स्फटिकांवर तुटून पडते, तेव्हा ती भयंकर ठणक उठते. ठणक थांबली म्हणजे स्फटिक गेले असे नाही. ते आत बसूनच असतात, आणि प्रत्येक वर्षी थर चढत जातो. उपचार न करता दहाएक वर्षे गेली, की अशा गाठी पुष्कळांना दिसू लागतात. अंगठ्यावर, घोट्याच्या मागच्या शिरेवर, कोपरावर, कानाच्या पाळीवरसुद्धा.

रक्तात युरिक ॲसिड जास्त निघाले म्हणजे गाऊट झालाच, असे मात्र समजू नये. पुष्कळांना ते जास्त असते आणि जन्मात दुखत नाही. उलट ऐन ठणक्याच्या दिवशी रक्त तपासले तर प्रमाण कधीकधी ठीकही दिसते. खात्री करायची, तर सांध्यातले पाणी किंवा गाठीतला खडू सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट प्रकाशात पाहावा लागतो. ही पद्धत १९६१ साली अमेरिकेतल्या मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी दाखवून दिली. पण गाठीतला खडू माणसाने त्याच्या पुष्कळच आधी पाहिला होता. हॉलंडमधल्या लेव्हनहूक नावाच्या कापडविक्याने १६७९ साली आपल्या भिंगाखाली तो धरला आणि त्यातल्या लांबट सुया पाहून नोंदवून ठेवल्या. तो काय पदार्थ आहे हे मात्र त्याला कळले नव्हते. ते कळायला आणखी शंभरावर वर्षे गेली. १७९७ साली इंग्लंडातल्या वोलॅस्टनने गाठीत युरिक ॲसिडाचा क्षार आहे हे सिद्ध केले.

आता मूळ प्रश्न. कापायचे की नाही?

तुमचे दोन्ही डॉक्टर अर्धे-अर्धे बरोबर आहेत. गोळ्यांनी गाठ जाते, हे खरे. युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल हे औषध गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधले. १९६६ पासून ते अमेरिकेत गाऊटसाठी मिळू लागले, आणि १९८८ साली या दोघांना इतर औषधांच्याही कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.  रक्तातले प्रमाण ६ च्या खाली, आणि मोठ्या गाठी असतील तर शक्यतो ५ च्या खाली सतत ठेवले, तर साठलेला क्षार परत रक्तात विरघळू लागतो. ठिबकच्या नळीत बसलेला क्षार आम्लाने जसा सुटतो, तसा. मात्र नळी एका दिवसात मोकळी होते. गाठीला महिने लागतात, मोठ्या गाठीला दोन-तीन वर्षेसुद्धा.

म्हणून गाठ आहे, पण कातडी शाबूत आहे, चालता येते आहे, तर चाकू उचलण्याचे कारण नाही. दिसायला वाईट दिसते एवढ्यासाठी तर मुळीच नाही.

पण काही पायांना तेवढा वेळ नसतो. गाठ फुटली आहे, तिच्यातून दुर्गंधीचा पू येतो, ताप येतो, लाली वर पिंढरीकडे चढते आहे, अशा वेळी गोळ्या विरघळवतील म्हणून वाट पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे. गाठीवरची कातडी कागदासारखी पातळ, चकचकीत झाली असून आज-उद्या फुटेल अशी असेल, तर फुटण्याआधी कापणे शहाणपणाचे. घोट्याच्या आतल्या बाजूला गाठ होऊन ती शीर दाबते, तळव्याला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तिथेही वाट पाहू नये. सांधाच कुरतडून गेला असेल, एक्स-रेमध्ये हाडाची कड उंदराने खाल्ल्यासारखी दिसत असेल, तर स्फटिक विरघळले तरी गेलेला सांधा परत येत नाही. त्याच्या दुखण्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

तुमच्या मामंजींचा उजवा पाय या यादीत येतो, डावा अजून येत नाही. माझ्या मते दोन्ही पाय एकदम कापून घेण्याचे काहीच कारण नाही. उजवा पाय हाडांच्या शल्यचिकित्सकाला या आठवड्यातच दाखवा. ताप किंवा वर चढणारी लाली असेल, तर आजच निघा.

गाठ काढतात कशी, ते मामंजींना नीट सांगा, म्हणजे निम्मी भीती जाईल. बहुधा पूर्ण भूल देत नाहीत. कमरेत किंवा घोट्याभोवती सुई देऊन पाय बधिर करतात. अंगठ्याच्या कडेला चीर देतात आणि चमच्यासारख्या हत्याराने आतला खडू खरवडून काढतात. ओल्या चुन्याची पेस्ट निघावी तसा तो निघतो. सगळाच काढता येत नाही. तो शिरा, स्नायूंच्या दोऱ्या आणि कातडीत मुरलेला असतो. शेवटचा कण काढायच्या नादात कातडीचा रक्तपुरवठा तोडला, तर ती काळी पडते आणि जखम उघडी राहते. चांगला शल्यचिकित्सक म्हणून थोडा खडू मुद्दाम आत सोडतो. तो औषधाने विरघळतो. काही ठिकाणी बारीक छिद्रातून फिरते पाते घालून गाठ आतून कातरून शोषून घेण्याची पद्धतही वापरतात. तिने कातडीला इजा कमी होते. काढलेला खडू तपासायला पाठवायचा असेल तर तो अल्कोहोलमध्ये पाठवावा लागतो. नेहमीच्या फॉर्मालिनमध्ये पाणी असते, त्यात हे स्फटिक विरघळून जातात आणि अहवालात काहीच सापडत नाही. ही लहानशी गोष्ट आठवण करून द्यायला हरकत नाही.

सांधा पार गेला असेल तर दोन मार्ग. एकात अंगठ्याच्या बुडाची दोन हाडे तासून स्क्रू किंवा पट्टीने एकमेकांना जोडून टाकतात. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नंतर चालताना दुखत नाही, बोजा पेलतो, पण तो अंगठा बुडाशी वाकत नाही. दुसऱ्यात हाडाचा थोडा भाग काढून सांधा मोकळा सोडतात. अंगठा वाकतो, पण आखूड आणि थोडा लुळा राहतो. शहरातल्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. आपल्याकडे खुरपताना टाचा उचलून, चवड्यावर भार देऊन उकिडवे बसतात, तेव्हा सगळा बाक अंगठ्याच्या बुडाशी येतो. डॉक्टरला नुसते "शेती करतो" असे सांगू नका. मामंजी दिवसभर काय करतात, कसे बसतात, ते त्यांना बसून दाखवायला सांगा. मग डॉक्टर ठरवतील.

बोट कापून टाकण्याची वेळ क्वचित येते. हाड आतून सडले, जंतू पसरले किंवा बोटाचा रक्तपुरवठाच संपला, तरच. आणि एक बोट जाणे म्हणजे पाय जाणे नव्हे. मधुमेह असलेल्याचा पाय मात्र खरोखर धोक्यात येऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी साखर तपासल्याशिवाय आणि पायाची नाडी बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय कोणी चाकू लावणार असेल, तर तिथे थांबू नका.

या शस्त्रक्रियेत खरी पंचाईत होते ती नंतर. जखम लवकर भरत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि आसपासच्या बेटांवरच्या लोकांत गाऊट फार आहे. तिथल्या रुग्णांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्यांवर ती जंतुसंसर्ग आवरण्यासाठी करावी लागली होती, आणि निम्म्याहून थोड्या अधिक जणांची जखम भरायला नेहमीपेक्षा उशीर झाला होता. म्हणून टाके दहाव्या दिवशी निघालेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. दोन-तीन आठवडे राहू द्या. पाय उशीवर उंच ठेवायचा, पट्टी कोरडी ठेवायची, गोठ्यात आणि चिखलात पाय घालायचा नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे की नाही, ते विचारून घ्यायचे. जंतुसंसर्ग नसेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर पावसाळा टाळून, सुगी उरकल्यावरची तारीख मागा. घरातला कर्ता माणूस दीड-दोन महिने शेतात जाणार नाही, हे आधीच धरून माणसाची सोय करा. शासनाच्या आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नको.

इथे माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शेतकरी येत असत. त्यांच्या घोट्याजवळची गाठ मी शल्यचिकित्सकाकडे पाठवली. ती सुरेख निघाली, जखम भरली, ते आनंदाने ऊस तोडायला गेले. युरिक ॲसिड कमी करण्याचे औषध मी त्यांना नीट समजावून दिले नाही. गाठ गेली, आता काय, असे त्यांनाही वाटले आणि खरे सांगायचे तर मलाही. दुसऱ्या वर्षाअखेरीस त्याच जागी तेवढीच गाठ घेऊन ते माझ्यासमोर बसले होते. त्यांनी मला काही बोल लावला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले. डब्याच्या तळातले खडे खरवडले, पण काकवी होती तेवढीच दाट राहिली, मग दुसरे काय होणार?

तेव्हा शस्त्रक्रिया होवो न होवो, गोळ्या चुकत नाहीत. ॲलोप्युरिनॉल थोड्या प्रमाणात, बहुधा शंभर मिलिग्रॅमने, मूत्रपिंड दुबळे असेल तर त्याहून कमीने सुरू करतात आणि रक्त तपासत तपासत वाढवतात. आणि इथेच बहुतेक लोक औषध सोडतात, कारण पहिल्या काही महिन्यांत ठणक थांबण्याऐवजी उसळते. जुने थर सुटू लागतात, स्फटिक हलतात, म्हणून असे होते. औषध लागू पडते आहे याचीच ती खूण. ते दिवस निभावण्यासाठी डॉक्टर तीन ते सहा महिने सोबत दुसरे औषध देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यातही अशी ठणक येऊ शकते. जखम बिघडली असे समजून घाबरू नका, पण दाखवा. एकाच गोष्टीला मात्र गोळी ताबडतोब थांबवायची. अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा डोळे लाल झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे क्वचित होते, पण झाले तर जिवावर बेतते.

दुकानातून आणलेल्या ठणक्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाणे बंद करा. त्या मूत्रपिंडाला मारतात, आणि हा क्षार बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचेच. मामंजींना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरला दाखवा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते.

तूरडाळ, पालक सुरू करा. डाळी-भाज्यांनी गाऊट वाढत नाही, असे हजारो लोकांना वर्षानुवर्षे पाहून केलेल्या अभ्यासातून दिसले आहे. जखम भरायची तर अंगाला प्रथिने हवीतच. दूध, ताक चांगले. बंद करायची ती दारू, बिअर तर आधी, मग कलेजी, वजडी, आणि बाटलीतली गोड पेये. मटण, सुकी मासळी, कोळंबी कमी. उन्हात काम करताना पाणी भरपूर प्यायचे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे डॉक्टरने पाणी मोजून दिले असेल, तर गोष्ट वेगळी.

गावठी इलाजांबद्दल दोन शब्द. गाठीवर बिब्बा घालू नका, डाग देऊ नका, न्हाव्याच्या वस्तऱ्याने फोडू नका. त्या कातडीत आधीच जीव कमी असतो. आणि कळलावीचा कंद उगाळून पोटात घ्यावा असे कोणी सांगितले, तर त्याला हात जोडा. गंमत अशी की गाऊटच्या ठणक्यावरचे कोल्चिसिन नावाचे औषध त्या कंदात खरोखरच असते. युनानी वैद्यकातल्या सुरंजानच्या कंदातही ते असते. पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावाँतू यांनी १८२० साली ते प्रथम वेगळे केले. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर इतके थोडे, की कंदाच्या एका तुकड्याने माणूस दगावतो. पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळी फुले फुलतात, ती पाहावीत, पुरे.

डाव्या पायासाठी मोच्याकडून चपलेचा अंगठा काढून घ्या आणि पुढचा पट्टा रुंद, सैल करून घ्या, म्हणजे गाठीवर घासणार नाही. रोज रात्री पाय धुऊन, कोरडा करून दिव्याखाली पाहायचा. कातडी पातळ होते आहे का, चीर आहे का, हे तुम्ही पाहा. मामंजींना वाकून दिसणार नाही आणि दिसले तरी ते सांगणार नाहीत.

राहता राहिला बैलामागे चालण्याचा प्रश्न. गाठच काढायची असेल आणि सांधा बरा असेल, तर जखम भरल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांत, ते पूर्वीसारखे चालतील. सांधा जोडावा लागला, तर सपाट जमिनीवर आणि नांगराच्या तासात चालता येईल, पण चवड्यावर बसून दिवसभर खुरपणे जमणार नाही. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे लागेल. एक्स-रे काढला की यांतले कोणते, ते कळेल. त्याचा अहवाल आणि साखर, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड या तपासण्यांचे आकडे मला पुढच्या पत्रात लिहून पाठवा.